हरवलेल्या पोरांची पलटण

समस्त सोलापूरकरांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, माझे वडील जर्मन लढाईत बंदूक चालवून आलेच नाहीत. ते खेचरं हाकून आले. आमच्या घराने हे सत्य पुष्कळ वर्षं दाबून ठेवलं. आज मी ते फोडते आहे.

तेलंगणातून ते विणकर म्हणून पायी सोलापुरात आले, माग बंद पडल्यावर फौजेत शिरले, बसऱ्याला जाऊन परतले आणि पुन्हा मागावर बसले. लग्न झालं, चार मुली झाल्या, पण अंगातली फौज काही गेली नाही. आम्ही चौघी जेवायलासुद्धा उंचीप्रमाणे बसायचो. आई म्हणायची, "मी लग्न माणसाशी केलं का छावणीशी?"

दर संक्रांतीला गड्ड्याच्या मैदानावर भरणाऱ्या जत्रेत ते स्वयंसेवक असायचे. काम हरवलेली पोरं गोळा करण्याचं. पूर्वी पोरं मांडवात बसवून ठेवत आणि ती पळून पुन्हा हरवत. वडिलांनी त्यावर बसऱ्यातल्या खेचरांची युक्ती काढली: एक लांब दोरी, प्रत्येक पोराच्या कमरेला सैल गाठ, आणि सगळी रांग जत्राभर फिरवायची. आया आपापलं पोर ओळखून सोडवून नेत. पुढच्या माणसाने मात्र मागे वळून बघायचं नाही. बघितलं की खेचरं थांबतात, आणि थांबलेलं खेचर ब्रह्मदेवाच्यानेही हलत नाही, असं ते छातीठोक सांगत.

त्या वर्षी स्वयंसेवकांचा कप्तान नेमायचा होता. कप्तानाला पितळी शिट्टी मिळे, आणि वडिलांचा जीव त्या शिट्टीत अडकला होता. काही मंडळींना 'बाहेरून आलेला माणूस' नको होता. तेव्हा जत्रेच्या प्रमुखांनी अट घातली, "दिवेलागणीला दोरीवर एकही पोर उरलं नाही, तर शिट्टी तुमची."

धाकटीला ताप होता, म्हणून आईने सात वर्षांच्या मला वडिलांबरोबर पाठवलं. मला मांडवात एका पेटीवर बसवून ते रांग घेऊन निघाले. मोठा पाळणा माझ्यापासून चार पावलांवर होता. ती चार चालले, मग आणखी चार. मग मांडवच दिसेना.

मला पकडलं ते एका नव्या स्वयंसेवकाने. हा गिरणीतला धिप्पाड गडी रांगेच्या शेवटी चालत गाठी बांधायचा आणि सोडायचा.

"बाप कोण गं तुजा?"

"तो काय, पुढं दोरी ओढतोय."

"व्हय, व्हय. मगाशी एक पोरगं त्या उंटालाबी बाप म्हणत हुतं," म्हणत त्याने मला शेवटी बांधून टाकलं.

मी ओरडले, "नायना!" आमच्या तेलुगू घरात वडिलांना नायना म्हणतात. पण रांगेतली निम्मी पोरं आमच्याच विणकर वस्तीतली, तीही "नायना! नायना!" करतच गळा काढत होती.

वडील मान न वळवता म्हणाले, "मिळेल, मिळेल तुझा नायना. पाय उचल!"

"नायना, मी आहे, मी!"

"सगळे मीच असतात, बेटा. चल!"

पिपाण्या वाजत होत्या, आया धावून येत होत्या, पोरं धपाटे खात सुटत होती. दोरी हलकी होत गेली तशी वडिलांची चाल ऐटबाज झाली. पहिला कंदील लागला तेव्हा दोरीवर मी एकटी होते, आणि समोर शिट्टी घेऊन प्रमुख उभे होते.

"एक उरली की हो," ते म्हणाले.

वडिलांचे खांदे पडले. मग ते भडकले, आणि समोर बघतच त्यांनी भाषण ठोकलं. "साहेब, मी काय करू? पोरगी जत्रेत आणायची आणि विसरून जायचं! असल्या बापाला बसऱ्यात आम्ही खेचराची शेपटी धरू दिली नसती. त्याला उलटा टांगा त्या पाळण्याला!"

जमलेल्या बायकांनी जोरजोरात माना डोलावल्या. "खरं हाय! टांगाच मेल्याला!"

"ते टांगू," प्रमुख म्हणाले, "पण पोरीला विचारलंत का, कुणाची आहे ती?"

"आता विचारतो," म्हणत वडील त्या दिवसात पहिल्यांदाच मागे वळले.

मी हात हलवला.

त्यांनी माझ्याकडे बघितलं, पाळण्याकडे बघितलं, शिट्टीकडे बघितलं. मग खाडकन टाचा जुळवून प्रमुखांना कडक सलाम ठोकला आणि सगळ्या गड्ड्याला ऐकू जाईल असे ओरडले, "साहेब, बाप सापडला!"