पिस्तुलाच्या मुठीवरचा डाग

ती घटना आठवली की निवृत्तीच्या आरामखुर्चीतही मी ताठ होऊन बसतो.

नव्वदच्या दशकात मी जळगावला पोलीस निरीक्षक होतो. दसऱ्यानंतर चार दिवसांनी केळीचे एक मोठे बागायतदार ठाण्यात आले. त्यांचं परवान्याचं परदेशी पिस्तूल कपाटातून चोरीला गेलं होतं. संशय ड्रायव्हरवर. मीही फार डोकं चालवलं नाही. मेहरूणच्या भर गल्लीतून, बायकोदेखत, बेड्या घालून त्याला आणलं.

"साहेब, जेना मीठ खादं, तेना घर चोरी करसू का?" एवढंच तो म्हणत राहिला.

तिसऱ्या दिवशी खबऱ्याचा फोन आला. दोंडाईचा स्टेशनबाहेर एक जण प्लास्टिकचं पिस्तूल दाखवत फिरत होता. हवालदार हसला, "जत्रेतलं असेल, साहेब."

मी खुर्चीतून उडालोच! चोरीच्या पिस्तुलाचा सांगाडा प्लास्टिकचाच होता, आणि असलं हत्यार आमच्याकडे तेव्हा कुणी पाहिलं नव्हतं. जीप काढली, सापळा लावला, माणूस मुद्देमालासह पकडला. नंबर जुळला! पण ड्रायव्हरचं मूळ गावही दोंडाईचाच. बिचारा आणखीच अडकला.

पिस्तूल आपण विकत घेतलं आणि विकणाऱ्याच्या तोंडाला रुमाल होता, असं पकडलेला माणूस म्हणाला. "पण बोलणं एकदम शहरी, साहेब." आमच्या ड्रायव्हरच्या तोंडून शहरी मराठीचं एक वाक्य धड निघत नव्हतं.

पंचनाम्यात मी किरकोळ खुणाही लिहून घेतल्या. नळीपाशी ओरखडा, मुठीच्या खालच्या बाजूला नखाएवढा वितळलेला डाग.

"मुलगी पाहायला आल्यासारखे दोष काय काढताय?" हवालदार म्हणाला. मग पिस्तूल लखोट्यात सीलबंद केलं.

डागाचं बागायतदारांनी सांगितलं. दसऱ्याच्या शस्त्रपूजेत आरतीतला जळता कापूर मुठीवर पडला होता. ड्रायव्हर त्या दिवशी रजेवर होता. बागायतदारांचा पुतण्या धुळ्याला, देवपुरात कॉलेजला. महिनाभर घरी फिरकलाच नव्हता म्हणे. शहरी बोलणारा आणि कपाटाची किल्ली कुठे असते हे जाणणारा तेवढाच एक होता.

पुतण्याला बोलावलं. तासभर त्याचं एकच पालुपद, "मी ते पिस्तूल वर्षभरात पाहिलेलं नाही."

पोरगा केळीच्या घरात वाढलेला. व्यापारी घडावरच्या डागावर बोट ठेवून भाव पाडायला लागला, की घरचा माणूस कसा उसळतो, ते मी शंभरदा पाहिलं होतं. मी सहज म्हणालो, "घेणारा फार शिव्या देतोय. म्हणतो, जळका माल गळ्यात मारला."

"जळका कसला?" तो उसळला. "मुठीच्या खाली नखाएवढा डाग! बाकी माल कोरा होता!"

मी सीलबंद लखोटा त्याच्यापुढे सरकवला. "न उघडता दसऱ्याचा डाग तुला कसा दिसला रे?"

"दसऱ्यानंतर एका रात्री गुपचूप येऊन नेलं," त्याने कबूल केलं. मला तर आनंदाने टेबलावर थाप मारावीशी वाटली!

ड्रायव्हरला सोडताना म्हणालो, "जा घरी, भाऊ."

तो हलेना. "साहेब, लयी जाताना बठ्ठासनी दखं. आते आनताना बी दखू द्या."

नेताना सगळ्यांनी पाहिलं होतं, आता परत आणतानाही पाहू दे, एवढंच त्याचं मागणं. भर दुपारी, वर्दीत, मी त्याच्याबरोबर पायी त्या गल्लीत शिरलो. दारं उघडली, माणसं ओट्यांवर आली. पिस्तुलावरचा नखाएवढा डाग मी भिंग लावून पाहिला होता, पण बेड्या घालण्याआधी या माणसाकडे नीट पाहिलं नव्हतं. तेव्हापासून नुसत्या संशयावर मी कुणाला गल्लीतून बेड्या घालून नेलं नाही.

त्याची बायको दारात उभी होती. मी टोपी काढली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "ताई, चूक माझी होती."