तोतोचं पोट काही भरेना

एस्टान्सिया बंदराच्या समोरच्या बेटावर मासळी सुकवणाऱ्या बायका पुष्कळ होत्या, पण आभाळ जरा काळवंडलं की सगळ्यांच्या माना वळायच्या त्या सेलीच्या अंगणाकडे. सेलीने बांबूच्या ताट्यांवरची मासळी उचलायला घेतली की बाकीच्याही पाट्या घेऊन धावायच्या. ती नुसतीच वर बघत उभी राहिली तर त्याही निवांत गप्पा मारत बसायच्या. सहसा चुकायची नाही ती. आणि चुकलीच तर इतक्या ठामपणे चुकायची की लोकांना वाटायचं, आभाळाचंच काहीतरी बिनसलंय.

कामाचा उरक म्हणाल तर विचारू नका. एका हाताने बांगडा पाठीतून फाडायची, दुसऱ्या हाताने आतडी टोपात टाकायची, आणि त्याच वेळी होडीवर बसलेल्या नवऱ्याला, दोमेंगला, जाळ्याचं कुठलं भोक शिवायचं राहिलंय ते ओरडून सांगायची. ती लग्न होऊन आली तेव्हा हे सगळं काम सासूच्या हातात होतं. नानाय म्हणजे आई; सासूला सगळे नानाय बिदिंग म्हणायचे. नानाय बिदिंगच्या हातची सुकी मासळी म्हणजे काय, हे पलीकडच्या बाजारातही ठाऊक होतं. पण सुनेने आल्या आल्या सुरी हातात घेतली. "तुम्ही बसा हो नानाय, गुडघे दुखतात तुमचे. मी करते ना." हे ती मायेनेच म्हणायची. नानाय बिदिंग दाराशेजारच्या बाकड्यावर जाऊन बसली आणि मग तिला तिथून कुणी उठवलंच नाही.

मूल मात्र बरीच वर्षं झालं नाही. लोक विचारून विचारून दमले, विसरून गेले, आणि मग चाळिशीच्या तोंडावर सेलीला दिवस गेले. मुलगा झाला, चांगला थोराड, लालबुंद, आवाज तर बंदरातल्या भोंग्यासारखा. नाव ठेवलं एलिसेओ, हाक पडली तोतो. आरोग्य केंद्रातल्या सुईणबाईंनी घरी सोडताना बजावलं, "सहा महिने फक्त अंगावरचं दूध. वरचं पाणीसुद्धा नको."

"त्यात काय अवघड आहे?" सेली म्हणाली.

अवघड काय ते तोतोने दाखवलं. पाजून झोळीत ठेवला की जरा वेळाने ओठ चोखायला लागायचा, मग मूठ तोंडात, मग मान इकडून तिकडे, आणि मग भोकाड. सेली हातातला मासा टाकून धावायची, खसाखसा हात धुवायची, पोराला छातीशी धरायची. तोतो घटाघटा प्यायचा, जरा निवला की डोळे मिटायचा. "झालं बाबा तुझं?" असं म्हणून ती त्याला झोळीत टाकून परत ताट्यांकडे. मासळीची एक रांग उलटून होते न होते तोच झोळीतून पुन्हा भोंगा.

शेजारच्या दुकानातली पेर्ला, सगळ्यांची मानांग म्हणजे थोरली ताई, दिवसभर हे ऐकायची. एकदा कुंपणावरून म्हणाली, "दूध पातळ असणार गं तुझं. वय झालं की होतं तसं."

"वय माझं झालंय मानांग, दुधाचं नाही. ते आत्ताच आलंय."

मानांग पेर्ला खो खो हसली, पण जाताना दुधाच्या पावडरीचा डबा दाखवून गेलीच. सेलीने तो परत पाठवला आणि तिसऱ्यांच्या रश्श्यात शेवग्याचा ओंजळभर पाला टाकला. सकाळी रस्सा, दुपारी रस्सा. दोमेंगने बेटावरची शेवग्याची झाडं बोडकी करून टाकली. दुधाला तोटा नव्हता. सेलीचा झगा पुढून सतत ओला. तरी पोर आपलं भुकेलंच.

एका दुपारी ती विहिरीवरून आली तर सासू बाकड्यावर पोराला मांडीवर घेऊन बसलेली. शेजारी वाटी, वाटीत साखर घातलेली भाताची पेज, आणि हातातला चमचा पोराच्या ओठांपाशी पोचलेला.

"नानाय!"

चमचा तिथेच थांबला, पण म्हातारी काही दचकली नाही. "ओरडतेस कशाला? पोर उपाशी आहे."

"उपाशी नाहीये तो. दिवसभर माझ्या अंगावर तर असतो."

"दिवसभर असतो म्हणूनच म्हणते. भरल्या पोटाचं पोर असं करतं होय? तुझ्या नवऱ्याला मी पेजेवरच वाढवलाय. मेला का तो?"

होडीच्या दोऱ्या वळत बसलेल्या दोमेंगने मान खाली घातली. या दोघींच्या मधे तोंड उघडायचं नाही एवढं त्याला कळत होतं.

सेलीने पोराला उचलून घेतलं. राग आला होता, पण सासूच्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती, काळजी होती. ते बघून तिने आवाज उतरवला. "असं करू नानाय. आत्ता वजन करू याचं, आणि येत्या रविवारी पुन्हा करू. चांगलं वाढलं तर पेजेचं नाव काढायचं नाही. नाही वाढलं तर..." ती जरा अडखळली. "तर वाटी तुमची, चमचा तुमचा."

"बघ हं. मग मागे फिरू नकोस."

"मी कधी फिरलेय?"

मासळी तोलायचा टांगता काटा मांडवाच्या आडव्या बांबूला लावला. धुतलेल्या चादरीची झोळी करून तोतोला त्यात घातला. तो हात-पाय झाडत लोंबकळायला लागला तशा शेजारणी गोळा झाल्या.

"काय गं सेली, किलोचा काय भाव?"

"ताजा आहे ना? कल्ले बघून घे!"

सेलीही हसली. काटा कुठे थांबला ते सासू-सून दोघींनी आपापल्या डोळ्यांनी नीट पाहून ठेवलं.

त्या आठवड्यात सेलीने जिवाचं रान केलं. तिसऱ्यांचा रस्सा दुप्पट. तोतो चुळबुळला की पाज, रडला की पाज, रडला नाही तरी पाज. ताट्यांपासून झोळीपर्यंत आणि झोळीपासून ताट्यांपर्यंत अंगणात वाट पडली. तारल्यांचा हंगाम जोरात होता आणि एकही ताटी तिने रिकामी ठेवली नाही. नानाय बिदिंग बाकड्यावरून सगळं बघत होती. सून फसवत तर नाही ना, एवढंच बघायला बसली होती खरं म्हणजे.

रविवारी चर्चमधून आल्यावर काटा पुन्हा टांगला. शेजारणी आधीच हजर. तोतो झोळीत गेला, काटा हलला, डुलला, थांबला. सेलीने वाकून पाहिलं. चादर ओढून सरळ केली, पुन्हा पाहिलं. वजन वाढलं होतं, पण इतकं थोडं की बाजारात असा फरक कुणी धरलाही नसता.

मानांग पेर्लाने उगाच कोंबड्या हाकलल्या.

सेलीला रडताना त्या अंगणात कुणी पाहिलं नव्हतं आणि आज ते दाखवायची तिची इच्छाही नव्हती. पोराला काढून तिने छातीशी घट्ट धरलं आणि सासूला म्हणाली, "करा पेज."

नानाय बिदिंग स्वयंपाकघराकडे गेली नाही. शेजारणींना म्हणाली, "जा गं बायांनो, चुली पेटवा आपापल्या." त्या गेल्यावर तिने सुनेला हाताला धरून बाकड्यावर बसवलं.

"इंदाय, पोरी, एक विचारते. हा पोरगा तुझ्यापासून कधी आपणहून सुटलाय का?"

"म्हणजे?"

"पिऊन पिऊन, कंटाळून, तोंड उघडं टाकून सुटलाय कधी? मी आठवडाभर बघतेय. त्याचा डोळा मिटला की तू बोट घालून सोडवतेस आणि पळतेस. ताटीवरचा मासा उलटावा तसं करतेस. एक बाजू झाली, उचल. अगं, मासा बोलत नाही म्हणून खपतं. हा ओरडतो."

सेली म्हणाली, "पण डोळे मिटतो ना तो."

"दम खातो. मोठी माणसं नाही का जेवताना जरा टेकतात? ताट उचलून नेतं का कुणी?"

"आणि मासळी? ऐन हंगामात मी बसून राहिले तर..."

"सुरी कुठे आहे?" नानाय बिदिंग म्हणाली.

"तुमचे गुडघे..."

"मी काय गुडघ्यांनी फाडते मासे?"

दुसऱ्या दिवशी मांडवाखाली, सावलीत, उंच पाटावर म्हातारी मासे फाडायला बसली. वर्षानुवर्षं सुरीला हात लावला नव्हता, पण पहिल्या दोन-चार बांगड्यांनंतर हाताला सगळं आठवलं. ताट्या उलटायला दोमेंग. आणि बाकड्यावर सेली, मांडीवर तोतो.

बसणं हे सेलीला बाळंतपणापेक्षा कठीण गेलं. पाय आपोआप उठायला बघत. "नानाय, त्या कडेच्या रांगेवर ऊन आलं बघा, उलटायला हवी!"

"दिसतंय. हे ऊन मी तुझ्या जन्माआधीपासून ओळखते."

"दोमेंग, मीठ जास्त होतंय रे!"

"तू पाज," दोमेंग म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने बायकोला हुकूम सोडला आणि स्वतःच घाबरून मागे पाहिलं.

तोतो घटाघटा प्यायला, निवला, डोळे मिटले. सेलीचं बोट सवयीने पुढे झालं. तिने ते मागे घेतलं. जरा वेळाने तोतोचा जबडा पुन्हा हलायला लागला, आता सावकाश, मोठे मोठे घोट, प्रत्येक घोट तिला ऐकू येत होता. पुन्हा थांबला, पुन्हा लागला. तिने त्याला दुसऱ्या बाजूला घेतलं, तिथेही तेच. शेवटी मुठी सुटल्या, हात खाली लोंबला, आणि माडी पिऊन झिंगलेल्या म्हाताऱ्यासारखा तो मागे मान टाकून पडला. ओठाच्या कोपऱ्यातून दुधाचा ओघळ आला.

"नानाय," सेली हळूच म्हणाली, "सुटला."

"तर मग बस तशीच. हलू नको."

पुढच्या रविवारी काटा टांगला तेव्हा झोळी खाली ओढली गेली ती बघूनच शेजारणी ओरडल्या. नानाय बिदिंगने जवळ जाऊन काटा वाचला, दुसऱ्यांदा वाचला आणि म्हणाली, "भाव वाढवा आता याचा." पेजेचा विषय त्यानंतर निघाला तो सहा महिने भरल्यावरच, आणि तेव्हा सेलीने स्वतःच भात शिजवला. लशीच्या दिवशी सुईणबाईंनी तोतोच्या मांड्यांच्या वळ्या चिमटीत धरून पाहिल्या आणि विचारलं, "काय खाताय काय तुम्ही, सेली?"

"बसते," सेली म्हणाली.

तोतोची भूक काही गेली नाही म्हणा. तो मुळातच खादाड निघाला. कधी कधी संध्याकाळभर चिकटून राहायचा, सोडायलाच तयार नाही. पण आता सेलीला त्याची धास्ती नव्हती. भूक आहे तर भूक आहे, असं म्हणून ती बैठक मारायची आणि बसल्या जागेवरून आभाळ वाचायची. "उचला!" असा तिचा आवाज आला की सगळं बेट पाट्या घेऊन धावायचं. मासे फाडायचं काम मात्र सासूकडेच राहिलं. सेलीने एकदा सुरी मागून पाहिली. "हात रिकामे आहेत तर ताट्या धू," असं उत्तर मिळालं.

पुढे दोन वर्षांनी सेलीला मुलगी झाली. नाजूक, गोरटेली, आवाज मांजराच्या पिलासारखा. तोतोच्या हिशेबाने सेली सगळ्या तयारीनिशी बसली होती. पण ही पोर थोडंसं प्यायची आणि झोपून जायची. तिसऱ्याच दिवशी सेली तिला घेऊन मांडवाखाली आली, चेहरा उतरलेला.

"नानाय, ही उठतच नाही हो! कालपासून मीच हिच्या मागे लागलेय. हिला भूक नाही का?"

नानाय बिदिंगने सुरी खाली ठेवली, हात धुतले, नातीचं दुपटं सोडलं आणि तिचा एवढासा तळपाय अंगठ्याने चोळला. पोरीने नाक मुरडलं, कुरकुर केली आणि तोंड उघडलं.

"घे लवकर," म्हातारी म्हणाली. "ही सोडायची वाट नको बघूस. हिला जागं ठेव."

सेली बाकड्यावर बसली, पोरीला लावलं, आणि झोप येऊ नये म्हणून तिच्या तळपायांना गुदगुल्या करत, तिला पलीकडच्या होड्यांची नावं मोठमोठ्याने वाचून दाखवायला लागली.