एकदा इचार की

गळ्यातली माप घ्यायची टेप मास्तरांनी दोन्ही हातांनी ओढून धरायची आणि दातओठ खात पुटपुटायचं, "अरं, एकदा इचार की तिला!" विंगेतून हे ऐकू आलं की आम्हाला कळायचं, तिसरा अंक रंगात आला.

आमच्या हौशी नाटक मंडळाचे ते प्रॉम्प्टर. आमच्याच गल्लीत त्यांचं शिलाईचं दुकान, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. नाटक जुनं, शोकांतिका. त्यातला राजा शूर, दिलदार, पण हलक्या कानाचा. लेकीनं शत्रूला गडाची वाट दाखवली असं कुणीतरी सांगतं आणि तो तिला एका शब्दानं न विचारता हाकलतो. "आजपासून माझी लेक मेली," म्हणतो. ती रानात मरते, मग खरं कळतं. हा राजा म्हणजे मी.

अशा माणसावर तुम्हीही खुर्चीत बसून चडफडला असाल. पण आपण घरी जाईपर्यंत विसरतो. मास्तर विसरत नसत. अंक संपला की माझ्या हातात बिनसाखरेचा चहा.

"पोरीला हाकलणाऱ्याला साखर न्हाय."

"अहो मास्तर, लिहिलंय तसं बोललो."

"लिव्हलंय म्हणून काय झालं? तोंड हाय न्हवं? इचारायचं!"

अख्खं नाटक त्यांना पाठ होतं. तरी प्रत्येक प्रयोगात त्या जागी ते खुर्चीच्या कडेला सरकून बसत, आज तरी राजा विचारील म्हणून. मी थक्क व्हायचो. भूमिका मी करायचो आणि विश्वास ते ठेवायचे.

आता अवघड ते सांगतो. मास्तरांना एकुलती एक मुलगी. तिनं चंदगडच्या एका कंडक्टरशी स्वतःच्या मर्जीनं लग्न केलं. ती सांगायला आली तेव्हा मास्तरांनी तिला उंबऱ्यावरच अडवलं. "माझी लेक मेली," एवढंच म्हणाले आणि मशीन चालू केलं. अख्ख्या गल्लीनं ऐकलं. पुढची सहा वर्षं त्यांच्यापुढं तिचं नाव काढायची कुणाची छाती झाली नाही, माझीही नाही. राजाला शिव्या देताना यांना स्वतःचं काहीच कसं आठवत नाही, याचं कोडं वाटायचं. राजाचं ते वाक्य मी प्रयोगात कधी विसरलो नव्हतो, त्यामुळं ते सांगायची वेळ त्यांच्यावर आलीच नव्हती.

गेल्या वर्षी आली. मास्तरांनीच शिवलेल्या जिरेटोपाचा टाका उसवला, टोप डोळ्यांवर आला आणि तो सावरताना माझं वाक्य गेलं. लेक समोर हात जोडून उभी. मी विंगेकडं कान लावला.

"आजपासून..." मास्तर म्हणाले आणि थांबले.

मी वळून पाहिलं. ओठ हलत होते, आवाज नव्हता. वाटलं, आता हे वाक्य बदलणार. बदलायला हवंही होतं. त्यांनी सांगितलं असतं ते मी बोललो असतो, इतक्या वर्षांची त्यांची इच्छा पुरी झाली असती.

त्यांनी तेच वाक्य सांगितलं. कुजबुजत नव्हे, त्या दिवशी उंबऱ्यावर म्हणाले होते तसं, मोठ्यानं. "आजपासून माझी लेक मेली." मी ते पुन्हा म्हटलं, पण नाट्यगृहानं ऐकलं ते त्यांचं.

अंकानंतर चहा आला. घोट घेतला तर गोड.

"मास्तर, साखर?"

"पी गप. गाढव काय तू एकटाच हाईस?"

सकाळी ते चंदगडच्या गाडीत बसले, गळ्यात टेप तशीच. संध्याकाळी मीच फोन केला.

"काय बोललात तिच्याशी?"

"इचारलं."

"काय?"

"आत येऊ का, म्हणून."

मशीन आता लेकीच्या घरी, पुढच्या सोप्यात आहे. विंगेतली खुर्ची रिकामी असते, तरी तिसऱ्या अंकात माझी मान तिकडं वळते. प्रत्येक प्रयोगानंतर त्यांचा फोन येतो.

"काय रं, आज तरी इचारलं का त्यानं?"

"न्हाय, मास्तर."

पलीकडं मशीन चालू होतं.

"मग चा बिनसाखरेचाच पी."