सकाळचा नंबर

मुलांनो, तुमच्या आजीने जन्मभर छावणीतल्या शाळेत फिजिक्स शिकवलं. भुताखेताच्या गोष्टी निघाल्या की मी उठून कामाला लागते, हे तुम्हाला ठाऊक आहे. तेव्हा हे वाचून आजीचं डोकं फिरलं असं वाटलं, तरी शेवटपर्यंत वाचा.

खंडेराव गेटजवळच्या आपल्या घरात, मागच्या खोलीत बसून सुहासकाका पुण्याच्या एका कंपनीचं काम करायचा. रोज सकाळी नऊला व्हीपीएन जोडायचा — म्हणजे घरापासून ऑफिसच्या कॉम्प्युटरपर्यंतची खाजगी, कुलूपबंद वाट. पासवर्ड टाकला की मोबाइलवर एक नंबर येई. तो टाकल्याशिवाय आत जाता येत नसे. मागच्या खोलीत मोबाइलला रेंज नाही. म्हणून फोन स्वयंपाकघराच्या खिडकीत, आणि नंबर वाचणारी मी.

"आई, नंबर!"

"फोर, सेव्हन... थांब, चष्मा..."

"अगं, बातम्या देतेस का? जल्दी! एक्सपायर होईल."

गेल्या थंडीत काका गेला. लॅपटॉप मी कुरिअरने कंपनीला परत केला, घरातलं इंटरनेट काढून टाकलं. फोन तेवढा खिडकीत राहिला — त्यात त्याचे फोटो आहेत.

तेरावं झालं, आणि पुढच्या सोमवारी सकाळी नऊला मेसेज वाजला. नंबर! हात कणकेत होते... सवयीने मी तो मोठ्याने वाचला. मग भानावर आले.

दुपारी कंपनीतून तिवारी म्हणून एकांचा फोन. व्हीपीएनची सुरक्षा तेच बघतात.

"माताजी, सुहास जी का लॉगिन आज कौन चला रहा है? कनेक्शन आपके घर का दिखा रहा है."

"भैया, कनेक्शन तो कटवा दिया. लैपटॉप आपके पास है."

"हाँ जी... मेरे सामने अलमारी में रखा है. बंद."

आत शिरलेल्याने कुठली फाइल उघडली नव्हती, काही पाठवलं नव्हतं. नुसता संध्याकाळपर्यंत जोडलेला होता, हे त्यांनी मागाहून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मी नंबर मुद्दाम वाचला. सावकाश, स्पष्ट. त्यानंतरही वाचत राहिले. मागच्या खोलीचं दार मात्र उघडून पाहिलं नाही... धीर झाला नाही.

मग तिवारींचा पुन्हा फोन. चौकशी संपेपर्यंत खातं बंद करता येत नव्हतं. "आपका मोबाइल उसमें से हटा दें? फिर कोई घुस नहीं पाएगा."

मी त्या बंद दाराकडे पाहिलं. गेल्यावरही माझ्या पोराने कामाला का बसावं? त्याला मोकळं करायला हवं, असं वाटलं.

"हटा दीजिए," म्हटलं.

मेसेज थांबले. सुटला, असं समजून मी त्या दिवशी पोटभर रडले.

परवा तिवारींनी आपणहून फोन केला. आवाज दबलेला होता. "माताजी, कोशिश बंद नहीं हुई. रोज़ सुबह नौ बजे पासवर्ड सही पड़ता है. नंबर की जगह कोई कुछ नहीं डालता, ग़लत भी नहीं. बस... रुका रहता है."

हे काय आहे, ते तिवारींना सांगता येत नाही. जन्मभर फिजिक्स शिकवलेल्या तुमच्या आजीलाही नाही.

नऊ वाजले की मी खिडकीपाशी जाते. चष्मा लावून फोन हातात घेते. वाचायला काहीच नसतं.