पाठीचा बाक

आठवीच्या वर्गात मी फळ्यावर ‘वक्र’ लिहितो. त्याखाली प्राकृतातला ‘वंक’, आणि त्याखाली आपले दोघे, ‘वाकडा’ आणि ‘बाक’. एका घरातले भाऊ, पण नशीब वेगळं, असं सांगतो. वाकडा तो बिघडलेला. बाक मात्र कामाचा. विळ्याला नसेल तर गवत कापलं जाणार नाही. पोरं जांभया देतात. खरं सांगायचं तर मलाही येतात. हल्ली सगळ्याचाच शीण येतो.

घरी आई. जन्मभर कमरेला ओटी बांधून तिनं उंद्रीच्या वावरांत कापूस वेचला, त्यातच पाठ वाकली. चिखलीच्या डॉक्टरांनी तिला कडक अंथरुणावर निजवायला सांगितलं. पण तिला पलंग नको, तिची जुनी बाजच हवी. म्हणून गेल्या रविवारी मी बाजेची अदवान, म्हणजे पायथ्याची दोरी, जीव खाऊन ओढली आणि बाज फळीसारखी कडक केली. बोटं सोलली, पण मोठा तीर मारल्यासारखं वाटलं.

तेव्हापासून आईला झोप नाही. उताणी झाली की मान अधांतरी, कुशीवर वळली की खुबा दुखायचा. शाळेतून यावं तर ती बाजेवर बसलेलीच. तिचं जेवण, तेल, औषधं सगळं मी विनातक्रार करत होतो. तिनं निदान झोपावं, एवढंच मागणं होतं. काल माझा तोल गेला.

“पाठ वाकडी झाली तुही! सरळ नाही का करा लागत?”

“वाकडी नोको म्हणू रे बापा. बाक हाय तो. याच पाठीवर तुले बांधून कापूस वेचला म्या.”

“मंग अशीच राह्यशीन का?”

“मेल्यावर तिरडीवर बांधसान ना, तवा करजा सरळ. आता मले निजू दे.”

मला रडूच कोसळलं. पायथ्याशी बसून अदवानीची गाठ सोडायला लागलो. मीच मारलेली, सुटता सुटेना. शेवटी दातांनी सोडली. बाज मधोमध खोल झाली. आई कुशीवर वळून त्या खोलगट जागेत शिरली, गुडघे पोटाशी घेतले, आणि मी उठायच्या आत घोरायला लागली.

मी तिथंच बसून राहिलो. कितीतरी दिवसांनी आमच्या घरात कुणाला तरी झोप लागली होती.