पंपवाल्याची झोप

आमच्या यांना नावाने कुणी हाक मारत नाही. कामावर पंपवाला, गल्लीत पंपवाले. माझा सख्खा भाऊसुद्धा फोनवर विचारतो, "पंपवाले भाऊजी आहेत का?" मेला पंप माझी सवतच आहे.

तरुणपणापासून यांचं काम एकच. जिथे खोल खणायचं तिथलं पाणी उपसत राहायचं, म्हणजे खाली उतरलेल्यांना कोरड्यात काम करता येतं. काम झालं की भिंत बांधणाऱ्याचं नाव होतं, पूल बांधणाऱ्याचं नाव होतं. पाणी उपसणाऱ्याला कोण विचारतो? हे मात्र कधी कुरकुरले नाहीत. ते खातं माझ्याकडे आहे.

या खेपेला एका कारखान्याची नदीकाठची भिंत पडली. मागची माती पाण्याने फुगली आणि अख्खी भिंत नदीत आडवी झाली. नशीब, सुट्टीचा दिवस होता. मग नदीत वाळूच्या पोत्यांचा बांध घातला, आतलं पाणी उपसलं आणि त्या खड्ड्यात माणसं नव्या पायाच्या सळ्या बांधायला उतरली. पोत्यांमधून पाणी झिरपतच राहायचं, त्यामुळे पंप रात्रंदिवस चालू हवा. जोडीचा दुसरा पंप बिघडलेला. साहेब म्हणाले, उद्या नवा येतो. तो उद्या काही उजाडेना.

म्हणून हे पंपाशेजारीच राहायला लागले. तिथेच डबा खायचा, तिथेच पत्र्याच्या सावलीत डुलकी घ्यायची. एका दुपारी असेच पेंगत होते आणि पंपाचा आवाज बदलला. डोळे उघडायच्या आधी यांनी तोंड उघडलं म्हणे, "वर या! सगळे वर या!" बांधाचं पोतं सरकलं होतं. पंप गुदमरला आणि बंदच पडला. शेवटचा माणूस शिडी चढून आला तोवर खालच्या सळ्या दिसेनाशा झाल्या होत्या. सगळे वाचले. साहेबांनी यांची पाठ थोपटली आणि दुसऱ्याच दिवशी नवा पंप हजर! आधी सुचायला काय धाड भरली होती?

भिंत उभी राहिली. पंप बंद झाला, हे घरी आले आणि यांची झोप गेली.

डोळ्याला डोळा लागेना. गोळ्या घेऊन झाल्या. नुसते आढ्याकडे टक लावून पडायचे. एकदा दारात तोल गेला, कपाळमोक्षच व्हायचा. डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, असंच चाललं तर हे अंथरूण धरतील.

मग मी घर चिडीचूप केलं. गळक्या नळाखाली फडकं ठेवलं. घड्याळ कपाटात कोंबलं. शेजारणीला रेडिओ बंद करायला लावला, त्यावरून तिच्याशी वाजलं. लेक कामावरून आली की चप्पल हातात घेऊन घरात शिरायची. आणि ज्याच्यावर घर चालतं, त्या माझ्या शिलाई मशीनवर मी चादर टाकून ठेवली.

"अहो, लागला का डोळा?"

"प्रयत्न करतोय गं."

"झोपायला कसला आलाय प्रयत्न?"

"ओरडू नकोस ना."

"मी कुठे ओरडतेय?"

"ओरडतेयस!" भिंतीपलीकडून शेजारीण म्हणाली.

असे किती दिवस गेले कोण जाणे. मीही थकले. गणवेशांचा गठ्ठा तसाच पडलेला, गिऱ्हाइकांचे फोनवर फोन. एका दुपारी माझं डोकंच फिरलं. "तुम्हाला झोप येत नाही ती नाहीच, निदान माझं काम तरी होऊ दे!" म्हटलं, चादर भिरकावली आणि बसले मशीनवर. रागाच्या भरात असं दामटलं की फरशी थरथरली.

वळून पाहिलं तर हे घोरत होते. तोंड उघडं, हात कॉटखाली लोंबलेला.

मला रडूच कोसळलं. अहो, शांतता म्हणजे यांच्या लेखी पंप बंद पडलेला! खाली माणसं आणि पंप बंद! इतके दिवस मी या माणसाला त्यातच डांबून ठेवलं होतं, आणि वर विचारत होते, डोळा लागला का.

डोळे पुसायला म्हणून पाय थांबवला. त्यासरशी हे ताडकन उठून बसले. "वर या! सगळे वर या!" माझ्याकडेच बघत होते, पण मी काही त्यांना दिसत नव्हते.

"आले हो सगळे वर," मी म्हटलं. "कधीच आले. झोपा तुम्ही." आणि पुन्हा पाय चालवायला घेतला. ते आडवे झाले.

थोड्या वेळाने दोरा संपला. रीळ बदलायचं तर थांबावं लागणार. सुईखालचं कापड हळूच ओढून घेतलं आणि मशीन तसंच रिकामं चालवत राहिले.

लेक आली ती चप्पल हातात घेऊनच. बापाकडे बघितलं, मशीनकडे बघितलं. माझ्या पोटऱ्या एव्हाना दगड झाल्या होत्या. चप्पल खाली टाकली, स्टूल ओढून शेजारी बसली आणि पेडलवर माझ्या पावलांशेजारी तिची पावलं ठेवली. ती नीट लय धरेपर्यंत मी माझी काढली नाहीत.