रिकाम्या माळाचं पाणी

मी नळाला हात लावला म्हणून सरपंचांनी तो राखेनं घासायला लावला.

उद्घाटनाचा दिवस. नळाला झेंडूची माळ. भोवती सगळं गाव. आमी वस्तीतली माणसं मागं, रस्त्याच्या पलीकडं. त्या पायपाचे चर आमीच खणले होते. मुरमात, भर उन्हात. पाणी आलेलं बघितलं आणि मी पुढं गेले. मुद्दाम नाय. पाय गेले. ओंजळ धरली, चावीला हात लागला.

सरपंच ओरडले नायत. शांतपणे शिपायाला म्हणाले, "घासून घे रे. मग नारळ फोडू."

शिपाई उकिडवा बसला. राख लावली, घासलं, चावी सोडली, धुतलं. परत राख. पाणी धो धो गटारात. माझी ओंजळ ओलीच होती. ती कुठं पुसावी ते मला कळेना. लुगड्याला पुसली, तर सगळं गाव माझ्या लुगड्याकडं बघायला लागलं.

मुरबाडच्या रस्त्यावरचं आमचं गाव तेव्हा वाढायला लागलं होतं. आसनगावला उतरून मुंबईचे लोक जागा बघून जात. पंचायतीनं आराखडा करून घेतला. टाकी, नळ, गटारं, रुंद रस्ते. चर खणताना मुकादम म्हणाला होता, तुमच्या वस्तीलाबी नळ हाय. माझ्या सासऱ्यांनी ते खरं मानलं. हंडा टेकवायला ओढ्यातनं चपटा दगड आणून दारापुढं बसवला. पण चर चावडीपाशी वळला आणि वरच्या माळाकडं गेला. तिथं गवत होतं. गुरं चरत. बाकी कोण नाय.

उद्घाटन झाल्यावर सासरे आमाला घेऊन पंचायतीत गेले. आमी पायरीखाली उभे. वर सरपंच आणि कल्याणहून आलेले ओव्हरसियर. तरुण माणूस, बोलायला गोड. त्यांनी समजावून सांगितलं. माणशी किती पाणी लागतं याचा नियम असतो. गाव पुढं किती वाढेल ते धरून पायप टाकायचा असतो. माळावर बंगले होणार, म्हणून तिथं लाइन.

मी विचारलं, "तिथं तर कोण राहत नाय."

"राहतील, बाई. वाढ धरावी लागते."

"आमी तर आताच राहतो."

ते आराखडा गुंडाळायला लागले. "तुमची वस्ती गावठाणात येत नाही," म्हणाले.

जे अजून आले नव्हते त्यांची तहान धरली होती. आमची धरली नव्हती.

सरपंच म्हणाले, "तुमाला ओढ्याची सवय हाय. तरी बाया येऊ देत सकाळी. हंडे लांब ठेवायचे. आमची माणसं वरनं ओततील."

सासऱ्यांनी हात जोडले. "लय उपकार, मालक."

आमी बौद्ध झालो होतो. घरातले देव उतरवून नदीत सोडले होते. सासऱ्यांच्या पाठीचा वाक तेवढा राहिला होता.

मीबी ओतलेलं पाणी घेतलं. पावसाळा, हिवाळा, पुढचा उन्हाळा लागेपर्यंत. गावातल्या बाया भरून झाल्या की मग आमी. कुणाला दया आली की ओतायचं, नायतर ऊन चढेपर्यंत उभं राहायचं. माझी नणंद सखू बाळंतपणाला आली होती. तिचं तान्हं घेऊन तीबी उभी राहायची.

एका सकाळी सरपंचांची सून ओतायला आली. अर्धं हंड्यात, अर्धं माझ्या पायावर. हसून म्हणाली, "घे, पायबी धुतले तुझे."

मी हंडा उचलला आणि तिथंच पालथा केला. मग नळापाशी गेले. चावी फिरवली. हंडा खाली लावला आणि पुरा भरेपर्यंत उभी राहिले.

वाटेत गावातल्या माणसांनी मला मारलं. हंडा फोडला. दुपारी वस्तीत निरोप आला, कुणाला कामावर घेणार नाय. सासरे रडत म्हणाले, "माफी माग गो. पाया पड. पोरंबाळं हायत." मी नाय म्हटलं. रस्त्यावरच्या नळाची चावी काढून सरपंचांनी घरी नेली. त्यांच्या लोकांच्या घरात तोवर नळ पोचलेच होते.

आमी ओढ्यावर गेलो. वाळूत खड्डे करून पाणी काढायचं. गढूळ, उबट. त्याच उन्हाळ्यात सखूचं तान्हं हगवणीनं गेलं. सखू माझ्याशी बोलली नाय. वस्तीतल्या बायाबी म्हणाल्या, हिनं हंडा पालथा केला म्हणून. सखू सासरी गेली ती परत आली नाय.

माळावर बंगले झाले. एकात माणसं फक्त मे महिन्यात येतात. बागेला पाणी मात्र बारा महिने. आमचा ओढा तोच.

आता गावाला दुसरी टाकी होणार आहे. परवा मुकादम वस्तीत येऊन गेला. चर खणायला माणसं पायजेत. मी विचारलं, "लाइन कुठवर?" म्हणाला, "माळाच्या पलीकडं. तिकडं अजून प्लॉट पडणारेत."

वस्तीतली माणसं जाणार. भूक हाय, मी त्यांना अडवू शकत नाय. सरपंच आमाला नळ देतील असंबी मला वाटत नाय. माझ्या हयातीत तरी नाय. पण माझे हात आता कुणापुढं जुळणार नायत, ओंजळ कुणाच्या हाताखाली धरली जाणार नाय. चर जिथनं वस्तीला पाठ करून वळेल, तिथं मी उतरून बसणार. एकटी. मारा, ओढून काढा, परत उतरेन. पायप पुढं न्यायचा असेल तर माती माझ्या अंगावर ओढा.